नवताल, नाइट लॅच आणि आमचं कार्डवालं दार

चिंचवडची आमची इमारत १९९४ची, एकूण १६ फ्लॅट. मी सोसायटीचा खजिनदार, आणि त्याआधी ३१ वर्षं टूलरूममध्ये फिटर. त्यामुळे कुलपांबद्दल मला मत आहे आणि ते कुणी विचारायच्या आत मी सांगून मोकळा होतो. जिन्याच्या मुख्य दाराला कार्डाची यंत्रणा बसवून आता सव्वादोन वर्षं झाली. एवढा पावसाळा-उन्हाळा पाहिल्यावर लिहायला हरकत नाही.

आधी त्या दाराला नाइट लॅच होतं. घरटी ३ किल्ल्या, म्हणजे ४८. भाडेकरू घर सोडताना दोन परत करतो आणि तिसरी ‘गावाला राहिली’ म्हणतो. नाक्यावरचा किल्लीवाला पाच मिनिटांत जोडकिल्ली घासून देतो, कुणाचं दार म्हणून विचारत नाही. किल्ली हरवली की लॅचचा नवा सिलिंडर, म्हणजे किल्ली फिरते तो गाभा, १,१००, ४८ किल्ल्या ५० रुपयांनी २,४००, एकूण साडेतीन हजार. चार वर्षांत तीनदा झालं हे. तिसऱ्या वेळी किल्ल्या वाटत जिने चढताना माझ्या गुडघ्यांनी ठराव मांडला म्हणा ना.

नव्या यंत्रणेचं कोटेशन ३८,५०० आणि वर्षाची देखभाल ४,५००. पैशाच्या हिशेबात हे बसत नाही, असं मी मीटिंगमध्ये लिहून दिलं आणि तरी बाजूने हात वर केला. कारण एकच. कार्ड हरवलं की यादीतून एक नंबर खोडायचा, बाकी १५ घरांना कळतही नाही. सव्वादोन वर्षांत ११ कार्डं रद्द केली. जिना एकदाही चढलो नाही.

पण दाराला लावलं काय, ते समजून घ्या. चौकटीवर विद्युतचुंबक, दारावर लोखंडी पट्टी. ६०० पौंडांची पकड, म्हणजे साधारण २७० किलो. कुलपात बोल्ट असतो तसं इथे काहीच सरकत नाही. वीज आहे तोवर चिकटलं, वीज गेली की सुटलं. आणि ते तसंच हवं. आग लागली तर आतली माणसं बाहेर पडली पाहिजेत, म्हणून जिन्याच्या दाराला हाच प्रकार लावतात. वीज गेल्यावर दार धरून ठेवायची जबाबदारी १२ व्होल्टच्या ७ अँपिअर-अवर बॅटरीवर. नवी असताना ती आठ-दहा तास ओढते.

आमची नवी नव्हती. मागच्या मे महिन्यात एका गुरुवारी दुरुस्तीसाठी सकाळी दहाला वीज गेली. बॅटरीने पाऊण तासात मान टाकली आणि संध्याकाळी चारपर्यंत दार नुसतं लोटलं की उघडत होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण कार्ड दाखवून दार ढकलायची सगळ्यांना सवय. कळलं ते दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर गल्लीतला कुत्रा ताणून झोपलेला दिसला तेव्हा. देखभालवाल्याने आधीच्या भेटीच्या कागदावर ‘बॅटरी ओके’ अशी टिकमार्क केलेली होती. आता मी स्वतः दर तीन महिन्यांनी मेन बंद करून घड्याळ लावून बसतो.

कार्डांची कथा वेगळीच. पहिल्यांदा आली ती १२५ किलोहर्ट्झवाली. असलं कार्ड रीडरजवळ गेलं की आपला नंबर ओरडून सांगतं, बाकी त्याला काही येत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या पोराने त्याची नक्कल की-चेनच्या बिल्ल्यात उतरवून मला आणून दाखवली. जोडकिल्लीवाला बरा, निदान कानस तरी चालवतो! मग कंपनीने मायफेअर क्लासिक नावाचं, गुपित संकेत वापरणारं कार्ड पुढे केलं. पोरगा म्हणाला, काका, त्याचं गुपित २००८ सालीच फुटलंय. शेवटी डेसफायर, म्हणजे त्याहून पक्क्या संकेताचं कार्ड घेतलं, रीडरही बदलला. घेणाऱ्यांनी एवढं विचारा, की रीडर कार्डाचा नुसता अनुक्रमांक वाचतो की आतला कुलूपबंद भाग? नुसता अनुक्रमांक वाचत असेल तर महाग कार्डाचे पैसे पाण्यात.

कार्डाऐवजी बोटाचा ठसाही चालतो म्हणतात, पण त्याबद्दल माझा राग आहे आणि तो लपवत नाही. चार घरची भांडी घासणाऱ्या ताईंचं बोट यंत्राला दिसत नाही. साबण आणि घासणीने रेषाच झिजल्यात. त्या दारात उभ्या, यंत्र लाल दिवा दाखवून टुंक करतंय, मागे गॅसचा सिलिंडरवाला खोळंबलेला. माझंही तेच. कानस आणि कूलंटमध्ये गेलेली बोटं, दहातून सहा वेळा नापास. ताईंना आकडी पिन दिला, तर महिन्याभरात तो दूधवाल्याला, पेपरवाल्याला आणि बहुधा कुत्र्यालाही पाठ झाला. आता त्यांना कार्डच दिलंय, सकाळी सात ते दुपारी दोन चालणारं. वेळेची अशी मर्यादा पितळी किल्लीवर घालता येत नाही, हे मान्य.

नोंदवहीचा मुद्दा मात्र कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो. कोण किती वाजता आलं, सगळं दिसतं. पहिल्याच महिन्यात कमिटीतल्या एकांनी दुसऱ्याच्या मुलीची घरी यायची वेळ चारचौघांत काढली. तेव्हा ठराव केला. नोंदी सेक्रेटरी आणि खजिनदारांनी मिळून, लेखी तक्रार असेल तरच बघायच्या, आणि ३० दिवसांनी पुसायच्या.

आता गच्चीचं दार. तिथे पहिल्या दिवसापासून गोदरेजचं नवताल आहे, ७ लिव्हरचं. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागला कुलपांचा धंदा सुरू केला. ते वर्ष सोडा, वस्तू बघा. आत सात पातळ पट्ट्या, प्रत्येकीला स्प्रिंग. किल्लीने प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीला उचलली तरच सगळ्यांच्या खाचा एका रेषेत येतात आणि बोल्ट सरकतो. एखादी जरा जास्त उचलली तरी अडलं. तीस पावसाळे उघड्यावर काढलेत त्याने. त्यात खोबरेल घालू नका, धूळ धरतं. पेन्सिलीचं शिसं किसून घाला. फिरणं जरा करकरीत आहे, पण अंधारात, डोळे मिटून, जुडग्यातली ती किल्ली माझ्या बोटांना ओळखू येते. माझं बोट मशीनला ओळखू येत नाही, ही गोष्ट निराळी.

खोट कुलपात नसते, शेजारी असते. पेपरात ‘कोयंडा उचकटून घरफोडी’ असंच छापून येतं, ‘कुलूप हरलं’ असं कधी वाचलंय? पाऊण इंची स्क्रूने कोयंडा बसवलात तर सात लिव्हर काय करणार. आरपार बोल्ट घाला. चुंबकाच्या पट्टीलाही हाच नियम.

फ्लॅटच्या दारासाठी डिजिटल घ्यायचं म्हणणाऱ्यांना शेजारच्या काकांचं ऐकवतो. कुलपात चार पेन्सिल सेल. सेल उतरल्याचा टुंकारा ते महिनाभर ऐकत होते, मग गणपतीला कोकणात गेले. परत आले तर दार मुकं. आपत्कालीन साधी किल्ली सोबत मिळते, ती कपाटात, आत. शेवटी दुकानातून ९ व्होल्टची बॅटरी आणून बाहेरच्या दोन ठिपक्यांना टेकवली, तेव्हा कुठे आकडे उजळले.

तर मुख्य दाराच्या यंत्रणेला पाचात साडेतीन, बसवणाऱ्या कंपनीला दीड. मीटरची खोली, पंप, गच्ची इथे पितळच ठेवा. नवी बॅटरी ११ जूनला घातली, तारीख पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून डब्याच्या आत चिकटवली आहे. किंमत ९५० रुपये, पावती फाइलला.