एनपीटीईएलचा ‘सोशल नेटवर्क्स’ अभ्यासक्रम : लातूरच्या एम.एस्सी.च्या वर्गातून

आयआयटी रोपडचे प्रा. सुदर्शन अय्यंगार यांचा ‘सोशल नेटवर्क्स’ हा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमात आहे. पदव्युत्तर संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तो ऐच्छिक विषय म्हणून घ्यावा का, असे लातूरमध्ये सत्राच्या सुरुवातीला मला हमखास विचारले जाते. घ्यावा, असेच मी सांगतो. मात्र व्हिडिओ नुसते पाहून तो अंगात मुरत नाही, आणि सोशल कॉम्प्युटिंगचा (संगणकाच्या साहाय्याने सामाजिक संबंध अभ्यासण्याचा) सगळा विषय त्यात आला असेही समजू नये.

अभ्यासक्रमाची मांडणी ही त्याची खरी जमेची बाजू आहे. दुर्बळ संबंधांचे बळ, समानशीलांचे एकत्र येणे, मैत्री आणि वैर यांचा समतोल, पेजरँक (दुव्यांवरून वेबपानांचे महत्त्व ठरवण्याची पद्धत), ‘श्रीमंत अधिक श्रीमंत’ होण्याचा नियम, साथीचा प्रसार, छोटे जग (कोणीही कोणापासून थोड्याच ओळखींच्या अंतरावर असणे) अशा क्रमाने विषय पुढे सरकतो. प्रत्येक ठिकाणी आधी एखादा साधा प्रश्न, मग त्याचे गणित आणि शेवटी पायथॉनमधील नेटवर्कएक्स हे जाळी अभ्यासण्याचे साधन वापरून लिहिलेला प्रोग्राम असल्यामुळे सूत्रांना घाबरणारा विद्यार्थीही वाटेत गळत नाही.

दुर्बळ संबंधांचा भाग आमच्या मुलांना सर्वांत लवकर पटतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३ सालच्या निबंधात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारले होते की, ती ओळखीची व्यक्ती त्या काळात तुम्हाला किती वेळा भेटत होती. वारंवार भेटत असे म्हणणारे १६.७ टक्के, अधूनमधून म्हणणारे ५५.६ टक्के आणि क्वचित म्हणणारे २७.८ टक्के निघाले. जिवलग मित्राला जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळातल्या माणसाकडून. हिंजवडीतल्या नोकरीची खबर खोलीतल्या मित्राऐवजी दोन वर्षांपूर्वी पास झालेल्या, एरवी दिवाळीलाच संदेश पाठवणाऱ्या गावाकडच्या दादाकडून का येते, हे औशाच्या किंवा निलंग्याच्या मुलाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

व्हिडिओंच्या जोडीने वर्गात स्वतःचे जाळे मांडून पाहावे, असा माझा आग्रह असतो. ‘नोट्स कोणाकडून घेता?’ एवढाच प्रश्न, संमती घेऊन आणि नावांऐवजी क्रमांक वापरून, विचारला होता. कोण कोणाकडून नोट्स घेतो हे दाखवणारे सर्वाधिक बाण अपेक्षेप्रमाणे वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीकडे वळले. बिटवीननेस सेंट्रॅलिटी (इतरांना जोडणाऱ्या सर्वांत जवळच्या वाटांवर एखादी व्यक्ती किती वेळा येते याचे माप) काढली तेव्हा मात्र सगळ्यांच्या वर निघाला तो गुणांच्या यादीत मधेच कुठेतरी असणारा एक मुलगा. पहिले वर्ष त्याने रेणापूरहून अप-डाउन केले होते आणि नंतर तो वसतिगृहात राहायला आला होता. त्याला ग्राफमधून, म्हणजे जाळ्याच्या आकृतीतून, काढताच वसतिगृहातली मुले आणि अप-डाउन करणारी मुले यांचे दोन तुकडे पडले. हे पडद्यावर पाहिल्यानंतर त्या संकल्पनेची व्याख्या कुणालाही पाठ करावी लागली नाही.

अभ्यासक्रमाचा कणा ग्राफ आणि अल्गोरिदम हाच आहे, आणि संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात तो तसा असणे योग्यच आहे. त्याची मर्यादा कळण्यासाठी नेटवर्कएक्समध्ये तयारच मिळणारा कराटे क्लबचा ग्राफ बारकाईने पाहावा. वेन झॅकरी यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या जाळ्यात ३४ सदस्य आणि ७८ दुवे आहेत. प्रशिक्षक आणि क्लबचा पदाधिकारी यांच्या भांडणात क्लब फुटला, तेव्हा कोण कोणत्या बाजूला जाईल हे केवळ मैत्रीच्या दुव्यांवरून झॅकरी यांच्या पद्धतीने ओळखले आणि फक्त एक सदस्य चुकला. तो, म्हणजे यादीतला नववा सदस्य, तीन आठवड्यांत ब्लॅक बेल्टची परीक्षा देणार होता. पदाधिकाऱ्याच्या गटात जाणे म्हणजे कमावलेला पट्टा सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणे, म्हणून तो प्रशिक्षकाकडेच राहिला. हे कारण कोणत्याही दुव्यात साठवलेले नव्हते. ते झॅकरी यांना क्लबमध्ये प्रत्यक्ष वावरल्यामुळे कळले. म्हणून या विषयात प्रबंध लिहू इच्छिणाऱ्यांनी समाजशास्त्र विभागातील एखाद्या शिक्षकाशीही बोलून घ्यावे, असे मी सुचवतो.

प्रबंधाची खरी अडचण आता डेटाची आहे. २०२३ मध्ये ट्विटरने संशोधकांसाठीची डेटा घेण्याची मोफत सोय बंद केली आणि फेसबुकची मालक कंपनी मेटाने सार्वजनिक पोस्टचा माग काढण्याचे क्राउडटँगल हे साधन १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद केले, त्यामुळे जुन्या प्रबंधांतील पद्धत जशीच्या तशी उचलता येत नाही. सरावासाठी स्टॅनफर्डच्या संग्रहातील ४,०३९ नोड (व्यक्ती) आणि ८८,२३४ दुव्यांचा फेसबुकचा डेटासेट पुरेसा आहे आणि तो साध्या लॅपटॉपवरही चालतो. मराठवाड्यातील चर्चा जिथे होते ते व्हॉट्सॲपचे गट मात्र बंदिस्त असतात. आपण सदस्य आहोत म्हणून गटातील संदेश उचलून संशोधनात घालणे, सदस्यांची संमती नसेल तर, मला मान्य नाही. (मार्गदर्शकांनीही ते मान्य करू नये.)

व्याख्याने इंग्रजीत असली तरी भाषा सोपी आहे. शिकणे मोफत आहे, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र शुल्क पडते. बारापैकी उत्तम आठ स्वाध्यायांना २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ टक्के भार असतो, म्हणून स्वाध्यायाची उत्तरे यूट्यूबवरून उतरवून काही साधत नाही. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून (एनपीटीईएलचे अभ्यासक्रमही जिथे असतात त्या केंद्र सरकारच्या ऑनलाइन व्यासपीठावरून) घेण्याची मुभा विद्यापीठ देऊ शकते. आपल्या विभागात या विषयाचे श्रेयांक जमा होतात का, हे नाव नोंदवण्यापूर्वी विभागप्रमुखांकडून लेखी घ्यावे.