ट्यूडर शेठचा बर्फ: माल अस्सल, हिशेब कच्चा

अमेरिकेत तळ्यांवरचा बर्फ कापून तो जहाजाने परदेशी विकणाऱ्या बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचा (1783–1864) माल बाजारातून उठून शतक उलटलं. पण तो बर्फ मुंबईतही विकला गेला होता, तेव्हा गिऱ्हाइकाच्या नजरेने त्याला जोखायला हरकत नाही.

माल पहिल्या प्रतीचा. बॉस्टनशेजारच्या केंब्रिजमधल्या फ्रेश पाँडसारख्या गोड्या तळ्यांचा, स्वच्छ आणि पारदर्शक. तळं गोठलं की वर साचलेलं हिम आधी खरवडून काढायचं. ते गोधडीसारखं बसतं आणि खालचा थर जाड होऊ देत नाही. मग कापणी. 1825 च्या सुमारास ट्यूडरला बर्फ पुरवणाऱ्या नॅथॅनियल वायथने घोड्याने ओढायचा नांगर आणला. त्याला दोन समांतर पाती. एक पातं आधीच्या खाचेतून सरकतं, दुसरं नवी खाच पाडतं, त्यामुळे रेघ चुकतच नाही. उभ्या-आडव्या रेघा मारल्या की उरलेलं काम करवतीचं आणि पहारेचं. खरा फायदा पुढे दिसतो: लाद्या एकसारख्या निघाल्या की एकमेकींना चिकटून बसतात. वेडेवाकडे तुकडे रचले तर मधल्या फटींत हवा खेळते आणि माल आतूनच वितळतो.

पॅकिंगला पैकीच्या पैकी. 12 मे 1833 ला ‘टस्कनी’ जहाज 180 टन बर्फ घेऊन बॉस्टनहून कलकत्त्याला निघालं. जहाजाच्या पोटात दुहेरी फळ्या मारून मधे कातडी कमावून उरलेली साल ठासली होती. दोनदा विषुववृत्त ओलांडून सप्टेंबरमध्ये पोचलं, तेव्हा सुमारे 100 टन शिल्लक. म्हणजे चार महिन्यांत 45 टक्क्यांच्या आसपास घट. हाच प्रवास 20 टनांनी केला असता तर हातात पाणीच आलं असतं, कारण ढीग लहान तितका वजनाच्या मानाने उघडा पृष्ठभाग जास्त. वितळलेलं पाणी उपसणंही तितकंच महत्त्वाचं. साल असो की लाकडाचा भुसा, भिजला की त्यातली हवा जाते आणि तो उष्णता अडवत नाही.

भावाचं गणितही चोख होतं. तळ्यातलं पाणी फुकट, भुसा म्हणजे लाकूड गिरण्यांचा कचरा, आणि हिंदुस्थानकडे जवळपास रिकामी निघणारी जहाजं कमी भाड्यात तयार. क्यूबातल्या हवानात तर त्याने दारूवाल्यांना सुरुवातीला बर्फ फुकट दिला, अट एवढीच की गार पेय साध्याच भावात विकायचं. एकदा चटक लागली की गिऱ्हाईक कुठे जातंय!

मग शेठ बुडाला कुठे? पहिल्यांदा 1806 मध्ये, कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर. बर्फ पोचला, पण ठेवायला बर्फघरच नव्हतं. थेट जहाजावरून विकावा लागला आणि सुमारे 4,500 डॉलर पाण्यात गेले. कर्जापायी तुरुंगही पाहिला. धडा मात्र नीट घेतला: हवानात आधी इमारत, मग माल. दुसरी बुडी 1834 ची, कॉफीच्या सट्ट्यात. दोन लाख डॉलरच्या वर देणं झालं, आणि ते फेडायला बर्फाची सुमारे पंधरा वर्षांची कमाई लागली. बर्फाचा रतलन् रतल कुठे झिजतो हे त्याला ठाऊक होतं. कॉफीचा भाव ठरवणारे दुसरेच होते.

सेवेत मात्र गुण कापावे लागतात. 1834 च्या सुमारास मुंबईत बर्फ आला. सर जमशेटजी जीजीभॉयांच्या मेजवानीत आइस्क्रीम वाढलं गेलं आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी छापून आली (मालाचा दोष म्हणता येणार नाही). पुढे गोदीच्या भागात बर्फघर उभं राहिलं. पण सगळी भिस्त पुढच्या जहाजावर. ते लांबलं की टंचाई, आणि मग आधी रुग्णांना. घरी नेतानाही कांबळ्यात गुंडाळून पटापट पाय उचलावे लागत.

या अनियमितपणावरच यंत्राच्या बर्फाने मात केली. 1878 मध्ये कलकत्त्यात बंगाल आइस कंपनी निघाली आणि चार महिन्यांच्या प्रवासाला अर्थ उरला नाही.

बर्फघर कसं असायचं ते पाहायचं तर चेन्नईला मरीनावर जा. तिथलं ट्यूडरचं बर्फघर आज विवेकानंद भवन आहे. खिडक्या बघून फसू नका, त्या नंतर बसवल्या; बर्फाला ना उजेड हवा होता, ना वारा.