मुदत संपलेलं प्रमाणपत्र आणि ६५० डॉलरचा खोटा कागद

मी कॅलिफोर्नियातल्या एका शहराच्या बांधकाम विभागात इन्स्पेक्टर आहे. पायाच्या खड्ड्यापासून फ्रेमिंग (घराचा लाकडी सांगाडा), वायरिंग, प्लंबिंग आणि शेवटच्या फायनलपर्यंत घरांची तपासणी करतो. माझ्याकडे इंटरनॅशनल कोड कौन्सिलची, म्हणजे बांधकामाचे नियम लिहिणाऱ्या आणि इन्स्पेक्टरांना प्रमाणित करणाऱ्या आयसीसीची, चार प्रमाणपत्रं आहेत: राहत्या घरांच्या बांधकामाचं बी१, विजेचं ई१, मेकॅनिकलचं एम१ आणि प्लंबिंगचं पी१. या चारांवर मिळणारं आर५ हे एकत्रित प्रमाणपत्रही आहे. २०२३ मध्ये त्यांची मुदत संपली आणि ती परत चालू करण्याच्या घाईत मी फसलो. आपली बरीच सिव्हिलची मुलं आता या कामात येताहेत, त्यांच्यासाठी हे सगळं लिहून ठेवतो आहे.

आधी नियम सांगतो, कारण तो मला नीट माहीत असता तर पहिल्या फोनवरच मी सावध झालो असतो. आयसीसीचं प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. नूतनीकरणासाठी त्या काळात ठरावीक शिक्षण झालेलं असावं लागतं. ते सीईयूमध्ये, म्हणजे कंटिन्युइंग एज्युकेशन युनिटमध्ये, मोजतात आणि एक सीईयू म्हणजे वर्गात बसलेले १० तास. दोन ते पाच प्रमाणपत्रं असतील तर ३.० सीईयू, म्हणजे ३० तास लागतात. कॅलिफोर्नियात याच्यावर राज्याचा वेगळा कायदा आहे. हेल्थ अँड सेफ्टी कोडच्या कलम १८९४९.२९ प्रमाणे सरकारी इन्स्पेक्टरला दर तीन वर्षांत किमान ४५ तासांचं शिक्षण घ्यावं लागतं आणि त्यातले किमान ८ तास अपंगांसाठीच्या सोयींच्या नियमांवर असावे लागतात. दोन्ही हिशोब वेगळे आहेत. एक पूर्ण झाला की दुसरा आपोआप होतो, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

२०२३ च्या सुरुवातीला आई आजारी होती म्हणून मी अडीच महिने भारतात होतो. नेमके त्याच वेळी विभागाचे प्रशिक्षणाचे दिवस होऊन गेले. आयसीसीची आठवणीची पत्रं येत होती, पण ती माझ्या जुन्या नोकरीच्या ईमेलवर. तो पत्ता केव्हाच बंद झाला होता आणि खात्यात नवा घालायचं माझ्याकडून राहिलं होतं. परत आलो, कामाला लागलो. जूनमध्ये एका ठेकेदाराने सहज माझा प्रमाणपत्र क्रमांक विचारला. संध्याकाळी खातं उघडलं तर पाचही नावांपुढे मुदत संपल्याचा शेरा.

त्या क्षणी पोटात गोळा आला. खरं तर दुसऱ्या दिवशी सकाळी सरळ आमच्या बिल्डिंग ऑफिशियलकडे, म्हणजे विभागप्रमुखाकडे, जायला हवं होतं. मी गेलो नाही. रोज लोकांच्या कामात चुका काढून करेक्शन नोटीस लिहिणारा माणूस स्वतःच्याच कागदाबाबत गाफील निघाला, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? गुपचूप आठवड्याभरात निस्तरून टाकू, असं ठरवलं. फसवणाऱ्याला माझ्याकडून जे हवं होतं ते मी त्याच रात्री त्याच्या हातात दिलं. ज्याला गोष्ट लपवायची असते तो कोणाला विचारत नाही, कोणाला दाखवत नाही, आणि घाईत असतो.

नेटवर शोधलं. सर्वात वर जाहिरात होती आणि ती उघडली. पान इतकं व्यवस्थित होतं की शंकाच आली नाही. परीक्षांचे कोड बरोबर होते, शब्द आमच्याच धंद्यातले होते, वर गरुडासारखं सरकारी वाटणारं चिन्ह होतं. 'मुदत संपलेली प्रमाणपत्रं सात दिवसांत पूर्ववत' असं आश्वासन होतं. मी फॉर्म भरला आणि पंधरा मिनिटांत फोन आला. बाई अतिशय मृदू बोलत होत्या. त्या म्हणाल्या, "काळजी करू नका, तुमच्यासारखे रोज कितीतरी लोक येतात. तासांची व्यवस्था आम्ही करतो, तुम्हाला वर्गात बसायची गरज नाही." या वाक्यावर मी थांबायला हवं होतं. तीस तासांचं शिक्षण माझ्या जागी दुसरं कोण घेणार? पण मला तेव्हा ऐकायचंच ते होतं.

फॉर्मवर त्यांनी ड्रायव्हिंग लायसन्सचा फोटो मागितला, सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेत बँकेपासून कर्जापर्यंत ओळखीसाठी लागणारा सरकारी क्रमांक) मागितला आणि आयसीसीच्या खात्याचा पासवर्डही मागितला. सगळं दिलं. क्रेडिट कार्डावरून ३९० डॉलर गेले. चार दिवसांनी दुसरा फोन आला. फाइल अडकली आहे, उशिराचा दंड वेगळा भरावा लागेल, आजच भरला तर फाइल याच आठवड्यात निघेल, असं त्या म्हणाल्या. हे २६० डॉलर कार्डावर चालणार नाहीत, झेलवरून, म्हणजे बँक खात्यातून थेट दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवायच्या सेवेवरून, पाठवा. दंड आयसीसीचा असेल तर तो एका अनोळखी माणसाच्या नावावर झेलने का जावा, हा साधा प्रश्न मला सुचला नाही. बायको तेव्हा बाजूलाच बसली होती. "कोणाला पाठवतोयस एवढे?" असं तिने विचारलं. ऑफिसचं आहे, एवढं बोलून मी विषय संपवला.

सातव्या दिवशी पीडीएफ आलं. पाचही प्रमाणपत्रं, माझं नाव, २०२६ ची तारीख, खाली सही. मी ते ऑफिसच्या फाइलमध्ये टाकलं आणि मोकळा झालो. आयसीसीच्या संकेतस्थळावर प्रमाणित लोकांची यादी आहे. नाव टाकलं की कोणालाही दिसतं की प्रमाणपत्र चालू आहे की नाही. दोन मिनिटांचं काम, ते मी केलं नाही. खात्यात शिरायचा प्रयत्न एकदा केला होता. पासवर्ड चालला नाही, तेव्हा त्यांनीच काम करताना बदलला असेल असं मानलं. बदलला त्यांनीच होता, हे खरं निघालं.

सप्टेंबरमध्ये विभागाच्या क्लार्कने वार्षिक पडताळणीसाठी सगळ्यांची नावं त्या यादीत तपासली. माझी पाचही प्रमाणपत्रं बंद दिसली. फाइलमध्ये मात्र चालू. दुपारी बिल्डिंग ऑफिशियलने मला आत बोलावून दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

मी सगळं सांगितलं. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी तो एवढंच म्हणाला, "जूनमध्ये आला असतास तर तुझ्या वर्गांचे पैसे विभागाने भरले असते." माझ्याकडची तपासणीची कामं त्याच दिवशी बंद झाली. मधल्या तीन महिन्यांत मी जॉब कार्डांवर, म्हणजे प्रत्येक कामाच्या तपासणीच्या नोंदपत्रांवर, केलेल्या सह्या कायद्याने टिकतात की नाही, या वादात तो पडला नाही. त्याने त्या सगळ्या कामांची यादी काढायला लावली आणि दुसऱ्या दोन इन्स्पेक्टरांना तिथे परत तपासायला पाठवलं. काही घरांत ड्रायवॉल, म्हणजे भिंतींवरचे जिप्समचे तक्ते, लागलेला होता, त्यामुळे आतलं दिसत नव्हतं. फ्रेमिंगचे फोटो होते तिथे निभावलं. एका घरात पट्ट्या, बोल्ट दिसावेत म्हणून जिन्याजवळची भिंत कापावी लागली. ती भिंत विभागाने दुरुस्त करून दिली, पण त्या घरात लहान मूल होतं आणि तीन दिवस सगळीकडे धूळ होती. मला पैशांपेक्षा त्याचं दुःख जास्त आहे.

मग मी खरे वर्ग केले. काही आयसीसीचे ऑनलाइन, काही कॅलबोचे, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या बिल्डिंग ऑफिशियल्सच्या संघटनेचे. मुदत संपून फार काळ झाला नव्हता, त्यामुळे उशिराचं शुल्क आणि तास दोन्ही भरून नूतनीकरण झालं, परीक्षा परत द्यावी लागली नाही. पण त्या वर्गांत मला जे कळलं त्याने माझी झोप उडाली. १ जानेवारी २०२३ पासून आमच्याकडे २०२२ चा इलेक्ट्रिकल कोड, म्हणजे विजेच्या कामाची नियमावली, लागू झाला होता, तो २०२० च्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडवर आधारलेला. त्यात कलम २३०.८५ नवीन होतं. एक किंवा दोन कुटुंबांच्या घराला बाहेरून, हाताशी येईल अशा जागी आपत्कालीन डिस्कनेक्ट (वीज तोडायचा स्विच) हवा आणि त्यावर तसं ठळक लिहिलेलं हवं. घराला आग लागली की अग्निशामक दलाच्या माणसाला मीटर न उपटता, आत न शिरता वीज तोडता यावी म्हणून हा नियम आला. आमच्याकडे मुख्य ब्रेकर बहुतेक वेळा बाहेरच असतो, म्हणून मी जुन्या सवयीने बघत होतो आणि पुढे जात होतो. त्यावरचं लेबल मी तपासत नव्हतो. शिवाय २३०.६७ प्रमाणे राहत्या घराचं सर्व्हिस पॅनल, म्हणजे विजेचं मुख्य पॅनल, बदललं तरी सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे विजेच्या अचानक उसळीपासून संरक्षण, बसवावं लागतं. तेही मला ठाऊक नव्हतं. उन्हाळ्यात मी अशी दोन पॅनलं पास केली होती. एकावर लेबल नव्हतं, दुसऱ्यात लेबल आणि सर्ज प्रोटेक्टर दोन्ही नव्हते.

वर्गात न बसता तास विकणारा नेमकं हे विकत असतो. माझं अज्ञान त्याने ३९० डॉलर घेऊन मला परत केलं, वर चालू असल्याचा शिक्का मारून.

पैशांचं थोडक्यात सांगतो. कार्डाचे ३९० डॉलर परत मिळाले. बिल पाठवलं गेल्यापासून ६० दिवसांत लेखी तक्रार करण्याचा हक्क फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्ट या कायद्याने मिळतो. माझे दिवस उलटून गेले होते, तरी बँकेने खोटी प्रमाणपत्रं पाहून ऐकून घेतलं. तुमचं ऐकतीलच असं धरून चालू नका. झेलचे २६० गेले ते गेले. मी स्वतःच्या हाताने पाठवले होते, त्यामुळे बँकेने हात वर केले. ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या एफटीसी या सरकारी संस्थेकडे आणि एफबीआयच्या आयसी३ या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवली. सोशल सिक्युरिटी नंबर दिलेला असल्यामुळे इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या लोकांच्या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे क्रेडिट गोठवलं, म्हणजे माझ्या नावाने कोणाला नवं कर्ज किंवा कार्ड काढता येऊ नये. २०१८ पासून हे फुकट आहे, तरी मी ते करायला आठ दिवस घालवले, आणि त्या आठ दिवसांत माझ्या नावाने एका दुकानाच्या कार्डासाठी अर्ज झाला होता. तो वेळीच थांबवता आला. आयसीसीच्या खात्यात आता माझा स्वतःचा, नोकरीशी संबंध नसलेला ईमेल आहे. तुमचा कोणता आहे ते आज बघून घ्या.

नूतनीकरण झाल्यावर पहिल्याच आठवड्यात, बिल्डिंग ऑफिशियलला सांगून, मी त्या दोन घरांना गेलो. इलेक्ट्रिशियन दोघेही सरळ निघाले, येऊन काम करून गेले. दुसऱ्या घरी एक वयस्क गृहस्थ होते. प्रोटेक्टर बसेपर्यंत ते अंगणात उभे होते. नवीन लेबल त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि मला विचारलं, "हे मागच्या वेळी का नव्हतं?"

"माझ्याकडून राहिलं होतं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि जॉब कार्ड आणायला आत गेले.