आलं की सुंठ?
नवा संसार मांडलेल्या भाचीने विचारलं, मावशी, दर आठवड्याला आलं आणू की सुंठपूड भरून ठेवू?

टिकण्यात सुंठ पुढे. कोरड्या बरणीत महिनोन्महिने राहते. आलं ओलाव्याने बुरसतं. सुंठपुडीने सोलण्या-किसण्याचे कष्टही वाचतात.

चवीत मात्र दोघांचे मार्ग वेगळे. आल्यातलं जिंजेरॉल हे तिखट द्रव्य वाळताना काही अंशी शोगाओल या आणखी तिखट द्रव्यात बदलतं, म्हणून सुंठ जास्त झणझणीत लागते. आमरसात, रामनवमीच्या सुंठवड्यात तीच हवी. लसणासोबतच्या हिरव्या वाटणात ती घालणं मला अजिबात पटत नाही. तिथे आल्याचा रसरशीत ताजेपणाच लागतो.

आयुर्वेदातल्या त्रिकटू चूर्णात मिरी-पिंपळीसोबत सुंठ असते. भूक लागावी म्हणून जेवणाआधी चघळायचा तो आल्याचा तुकडा, सैंधव लावून.

रोज चहा-भाजी करणाऱ्या घरात आलंच आणावं. कधीमधी रांधणाऱ्यांना आणि गोडाधोडाला सुंठ बरी.