फाट्यावरचं बिछायत केंद्र : झाकणासकट लहान गंज

लग्नासाठी बिछायत, म्हणजे भाड्याच्या गाद्या-भांडी, सांगणाऱ्याला भाव, गाद्यांची हालत आणि गाडी वेळेवर येते का, हे हवं असतं. तेही लिहिते. पण मी या दुकानात पहिल्यांदा गेले ती लग्नासाठी नाही. एप्रिलमध्ये वणव्यात आमचं घर जळालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी गेले.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, जंगलाला लागून. मोहफुलं पहाटे पडतात. ती दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळायची जुनी सवय. आम्हीही मोह वेचतो, पण खराट्यानं झाडून घेतो. त्या दुपारी कुठल्या तरी झाडाखाली धुमसत राहिलेली आग वाऱ्यानं उठली, शेताच्या धुऱ्यावरच्या गवतातून आली आणि घरामागच्या सांदवाडीतल्या तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगाला लागली. तिथून कुडाची भिंत किती लांब! छताचे लाकडी फाटे जळाले तसे कवेलू खाली आले. ढोलीतलं धान, मुलांची दप्तरं, माझी अंगणवाडीची रजिस्टरं, सगळं गेलं. दळायचं दगडी जातं तेवढं राहिलं.

संध्याकाळपासून शेजारपाजारचे साड्या, तांदूळ, चटई आणून देऊ लागले. माझा हात पुढे होईना, सासूबाईंनीच घेतलं. बारा वर्षं मी पोषण आहार वाटते, समोरचीची सही घेते. घेणारीच्या जागी उभं राहणं मला जमत नव्हतं. रात्री कुणाच्या तरी साडीत झोपले आणि डोळा लागला नाही.

सकाळी पंचनामा झाल्यावर नवऱ्यासोबत फाट्यावर गेले. बिछायतवाल्या भाऊंनी एवढंच विचारलं, झोपायला किती जण? पाच. पाच गाद्या, पाच चादरी, दोन बकेटा, ताटं, गिलास, झारा, ताडपत्री. मी समोरच्या गंजाकडे, भाताच्या मोठ्या पातेल्याकडे, बोट दाखवलं तर म्हणाले, "तो नका नेऊ ताई, पन्नास माणसांचा आहे. पाच जणांचा भात बुडाला लागून जाईल." मग मागच्या खोलीत शिडी लावून त्यांनी लहान गंज शोधून काढला. झाकणही शोधलं.

मी भाड्याचं विचारलं, असं फुकट नको, असंही मीच म्हणाले. तर भाऊ म्हणाले, "फुकट कुठं देऊन राहिलो? लिहून राहिलो ना." नेहमीचीच वही. वर कुणाच्या तरी साक्षगंधाच्या शंभर खुर्च्या, खाली माझं नाव, एकेक वस्तू आणि नग. भाड्याच्या रकान्यात आडवी रेघ. मी सही केली आणि मग गादी उचलायला वाकले.

गाद्यांबद्दल खरं सांगते, फार जाड आहेत, उन्हाळ्यात अंग भाजतं. एकीला कोंदट वास होता, दोन दिवस उन्हात टाकली तेव्हा गेला. ताडपत्रीला भोक होतं. निरोप दिला तर दुसऱ्याच दिवशी त्यांचा मुलगा गाडीवर येऊन बदलून गेला.

वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतो आणि आमच्याकडची बहुतेक लग्नंही त्यातच येतात. भर लग्नसराईत त्यांनी हे सामान दीड महिना आमच्याकडे राहू दिलं. एकदाही फोन केला नाही.

मृगाच्या आधी घरावर टिना पडल्या तेव्हा सामान परत नेलं. भाऊंनी वही उघडून माझ्यासमोर सगळं मोजलं. चुलीवर काळ्या झालेल्या गंजाच्या बुडाचं काही बोलले नाहीत. झारा मात्र कमी भरला. मी साठ रुपये पुढे केले. त्यांनी ते घेतले, वहीत जमा लिहिलं आणि माझ्या नावावर रेघ ओढली. राहू द्या म्हणाले असते तर पुन्हा त्या पहिल्या रात्रीसारखं वाटलं असतं.

आता कामाचं. गादीचं भाडं दिवसाला दहा रुपये, गाडीभाडं वेगळं. एप्रिल-मे असेल तर पंधरा दिवस आधी सांगून ठेवा. माझ्या भाचीच्या लग्नाचं सामान इथूनच आणलं, पहाटेच आलं. थोड्या माणसांचा स्वयंपाक असेल तर लहान गंज मागून घ्या, तो समोर मांडलेला नसतो.