अमेरिकेच्या निवडणुकीचे अंदाज सांगणाऱ्या साइट्स: लातूरात बसून वापरल्या, त्याचा रिव्ह्यू

अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक लागली की काही साइट्स रोजचे सगळे पोल (म्हणजे कुणाला मत देणार असं लोकांना विचारून केलेले सर्व्हे) गोळा करून त्याची सरासरी काढतात आन् कोण किती पुढं हाय ते सांगतात. २०२४ला मी त्या उन्हाळ्यापासून पार निकालापर्यंत बघत होतो, म्हणून म्हणलं नीट लिहावं, २०२८ला कुणाच्या तरी कामी येईल. कुणी म्हणेल लातूरात बसून रिपब्लिकन ट्रम्प तात्या का डेमोक्रॅट कमलाताई (हॅरिस) ह्याच्याशी तुला काय करायचंय. करायचंय की राव. इथं गंजगोलाईपासून आडत बाजारापर्यंत सगळं सोयाबीनवर चालतंय आन् सोयाबीनचा भाव शिकागोच्या वायदे बाजाराकडं बघून हलतो. २०१८ला तात्यानं चीनशी टॅरिफचं भांडण काढलं, चीननं उलट अमेरिकेच्या सोयाबीनवर २५ टक्के ड्यूटी लावली, तवापासून आमच्याकडचे आडत्ये अमेरिकेच्या बातम्या वाचतात. त्यात २०२४च्या दिवाळीत हमीभाव ४८९२ आन् बाजारात दर त्याच्या बराच खाली, म्हणजे तिकडं कोण येलालंय हे बघणं काय निव्वळ टाइमपास नव्हता.

दुसरं कारण आमचा शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप. त्यात एक दोस्त न्यू जर्सीत, एक डॅलसमध्ये. न्यू जर्सीवाला छातीठोक सांगायचा की बायका एकगठ्ठा कमलाताईला देणार, तात्याचा विषय संपला. डॅलसवाला म्हणायचा इथं लाट हाय लाट, तुम्हाला टीव्हीवर दाखवत नाहीत. दोघं रोज भांडायचे, दोघांकडं रॅलीचे फोटो, दोघांकडं शेजाऱ्याचे किस्से. आन् ह्या साइट उघडल्या की तिथं लिहिलेलं ४८ आन् ४७, नाय तर ४८-४८. न्यूयॉर्क टाइम्स आन् सिएना कॉलेजचा शेवटचा देशपातळीवरचा पोल तर खरंच ४८-४८ आला होता. मग दोघं मिळून साइटला शिव्या घालायचे, "काय बोगस लावलंय बे, नुस्तं मधोमध बसून पैसे छापलालेत". दोन्ही पार्टीचे कार्यकर्ते ज्याला सारख्याच शिव्या देतात त्या मालात काहीतरी दम असतो, असा माझा आपला अंदाज.

तर साइट्सविषयी. पहिली फाइव्हथर्टीएट. आकडेमोड करून निवडणुकीचे अंदाज सांगणाऱ्या नेट सिल्व्हरनं २००८ला काढलेली, नंतर एबीसी ह्या टीव्ही कंपनीकडं गेली, सिल्व्हर २०२३ला बाहेर पडला. दिसायला सगळ्यात भारी हीच. राज्यांची सापासारखी एक लांब रांग लावायचे, एका टोकाला पक्की डेमोक्रॅट, दुसऱ्या टोकाला पक्की रिपब्लिकन, आन् मधी जिथं २७० पार होतात ती जागा. (तिकडं प्रत्येक राज्याला ठराविक इलेक्टोरल मतं, बहुतेक राज्यांत जो पुढं त्यालाच ती सगळी, एकूण ५३८ आन् २७० मिळाली की अध्यक्ष.) त्या रांगेकडं बघितलं की अमेरिकेची निवडणूक जेवढी डोक्यात शिरते तेवढी तासभर टीव्ही बघून शिरत नाय, कारण लगेच दिसतं की चाळीसच्या वर राज्यांत निकाल आधीच ठरलेला हाय आन् सगळा खेळ सात राज्यांचा: पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, ॲरिझोना, नेवाडा. मार्च २०२५मध्ये एबीसीनं ही साइटच बंद केली, त्यामुळं स्टार देऊन फायदा नाय, तरी चार.

दुसरी रिअल क्लिअर पॉलिटिक्स. दिसायला एकदम जुनाट, जाहिराती लई, आन् डोकं अजिबात लावत नाहीत, सरळ पोल घ्यायचे, बेरीज करायची, भागायचं. चांगला पोल, फालतू पोल, पार्टीकडं झुकलेला पोल, सगळ्यांना सारखंच वजन. जाणकार लोक ह्याला नावं ठेवतात. पण शेवटच्या दिवशी ह्यांची देशपातळीची सरासरी कमलाताई ०.१नं पुढं अशी होती, म्हणजे बरोबरीच, आन् प्रत्यक्षात तात्या दीड टक्क्यानं पुढं आला. म्हणजे जास्त डोकं लावणाऱ्यांपेक्षा हेच जवळ. साडेतीन स्टार, अर्धा जाहिरातींमुळं कापला.

तिसरी सिल्व्हर बुलेटिन, सिल्व्हरची नवी. सरासरी फुकट, पण कोण जिंकायची शक्यता किती हा आकडा बघायचा तर पैसे भरा. शेवटच्या रात्री त्यानं मॉडेल, म्हणजे पोलवरून कॉम्प्युटरवर निवडणूक खेळवून बघायचा प्रोग्राम, ८०,००० वेळा चालवलं, त्यात ४०,०१२ वेळा कमलाताई जिंकल्या. लोकांनी लई टर उडवली, म्हणे एवढं मशीन फिरवून शेवटी नाणंच उडवायचं होतं तर आम्ही घरी उडवलं असतं. मला मात्र हा आकडा सगळ्यात प्रामाणिक वाटला.

आता मेन मुद्दा, की हा सामना एवढा अटीतटीचा का दिसत होता आन् पार्टीच्या माणसाला ते का पटत नव्हतं.

एक तर देशभरात कोण पुढं ह्यावर तिकडं अध्यक्ष ठरत नाय. २०१६ला हिलरीला तात्यापेक्षा साधारण २९ लाख मतं जास्त होती आन् बाई हरली. २०२०ला बायडन ७० लाखांनी पुढं, ऐकायला वाटतं एकतर्फी, पण ॲरिझोना, जॉर्जिया, विस्कॉन्सिन ह्या तीन राज्यांतलं लीड मिळवलं तर जेमतेम ४३ हजार भरतं, आन् त्यातले निम्मे जरी इकडचे तिकडं झाले असते तर २६९-२६९ असा टाय. न्यू जर्सीवाला आमचा दोस्त देशभरातला एक-दोन टक्क्याचा लीड बघून पेढे वाटायला निघालेला, त्याला हे कितीदा सांगितलं, पण तो म्हणायचा तू लातूरात बसून मला शिकवू नको.

आन् लातूरात बसूनच हे जास्त कळतं, असं माझं मत. आपल्याकडं बघा की. २०१९ला संभाजीनगरात, म्हणजे तवाच्या औरंगाबादेत, इम्तियाज जलील खैरेंवर ४४९२ मतांनी निघाले, खैरे पडतील असं किती जण छातीवर हात ठेवून सांगत होते? २०२४ला बीडात बजरंग सोनवणे ६५५३ मतांनी आले, मोजणी रात्रीपर्यंत चालली, लीड सारखा इकडून तिकडं, आन् दोन्ही बाजूचे लोक आधी पाव लाख, अर्धा लाख अशाच गप्पा हाणत होते. नांदेडचा तर कळसच. २० नोव्हेंबर २०२४ला लोकसभेची पोटनिवडणूक आन् विधानसभा एकाच दिवशी, लोकसभेला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १४५७ मतांनी आले आन् त्याच मतदारसंघातल्या सहाच्या सहा विधानसभा महायुतीला. एकाच बूथवर, एकाच माणसानं, दोन मशिनीवर दोन वेगळी बटणं. हे कुठल्या कार्यकर्त्याच्या डोक्यात बसतं? कार्यकर्ता ज्याला भेटतो तो त्याच्याच पार्टीचा असतो, सभेला येतो तो पण तसाच, आन् ज्यानं अजून ठरवलं नाय तो चहा पिऊन दोघांच्याबी हो ला हो करतो.

अमेरिकेत ह्याच्यापुढं एक गोष्ट हाय, तिकडं लोक आता लई पक्के झालेत. मोठ्या घटना झाल्या तरी काटा हलत नाय. २७ जूनच्या डिबेटमध्ये बायडन अडखळले, जुलैत तात्यावर गोळी झाडली, २१ जुलैला बायडननं माघार घेतली, १० सप्टेंबरच्या डिबेटमध्ये कमलाताई भारी पडल्या. एवढं सगळं झालं आन् सरासरी हलली ती दोन-चार टक्के. पार्टीवाल्याला वाटतं, आता समोरच्याचं एवढं उघडं पडलं, आता कोण ह्याला मत देणार. पण समोरच्याला मत देणाऱ्यानं ते सगळं बघूनच ठरवलेलं असतं. त्याला किराणा महाग झाला ते दिसतं, ह्याला गर्भपाताचा कायदा दिसतो, दोघं एकाच टीव्हीसमोर बसले तरी वेगळंच बघणार.

बरं, पोलमधली गडबड पण आहेच, ते लपवून रिव्ह्यू कसा होईल. हजार लोकांना विचारलं तर चूक साधारण तीन टक्के इकडं नाय तर तिकडं, हे सगळे सांगतात. पण ती एकेकाच्या आकड्याची चूक, दोघांमधल्या फरकात ती जवळजवळ डबल होते, हे कुणी मोठ्यानं सांगत नाय. म्हणजे पोलमध्ये एक टक्का पुढं असणं म्हणजे काहीच नसणं. त्यात आजकाल फोन कुणी उचलत नाय, शंभर जणांना लावावा तवा कुठं एखादा बोलतो, आन् जो बोलतो तो राजकारणात रस असणाराच असतो. २०१६ आन् २०२० दोन्हीला तात्याची मतं पोलनं कमी धरली होती, त्याची भीती बसून ह्यावेळी बऱ्याच कंपन्यांनी गेल्यावेळी कुणाला मत दिलं हे विचारून त्याप्रमाणं वजन लावलं. आता गेली निवडणूक अटीतटीची, तिच्या मापानं कापड बेतलं तर ही पण अटीतटीचीच दिसणार ना. वर काही कंपन्या आपलाच आकडा वेगळा पडू नये म्हणून बाकीच्यांच्या जवळ सरकवतात, ही सिल्व्हरचीच तक्रार होती शेवटच्या आठवड्यात, की सगळे एवढे सारखे बरोबरीचे पोल हिशोबानं येऊच शकत नाहीत. वेगळा आकडा छापायची हिंमत दाखवली आयोवा राज्यात पोल घेणाऱ्या ॲन सेल्झरनं, तिनं कमलाताई तीननं पुढं दाखवल्या आन् तिथं तात्या तेरानं जिंकला, मग बाकीच्यांनी का हिंमत करावी. तरी मला ती बाई आवडली, आलेला आकडा दाबून ठेवला नाय.

आपल्याकडं तर एक्झिट पोलवाले २०२४च्या लोकसभेला एनडीएच्या ३६१ ते ४०१ जागा सांगून २९३वर आपटले. तिकडच्या साइटनं निदान माहीत नाय हे आकड्यात सांगितलं.

निकाल लागला आन् तात्या सातच्या सात राज्यं घेऊन ३१२वर गेला. लगेच डॅलसवाला ग्रुपवर नाचायला लागला, बघा मी म्हणलो होतो लाट हाय, तुमची साइट बरोबरी सांगत होती. इथंच लोकांचा घोळ होतो. पोल चुकले की सगळीकडं एकाच बाजूला चुकतात, मिशिगनात चुकले तर शेजारच्या विस्कॉन्सिनात पण तसेच चुकतात, म्हणून बरोबरीच्या सामन्यात सात-शून्य हा निकाल काय चमत्कार नाय, सिल्व्हरच्या मॉडेलमध्ये सगळ्यात जास्त वेळा हाच निघत होता. आन् लाट म्हणायची तर आकडे बघा: मिशिगनात ८० हजार, विस्कॉन्सिनात २९ हजार, पेनसिल्व्हेनियात १ लाख २० हजार, तिन्हीचं लीड मिळून २ लाख ३० हजारच्या आत. त्यातल्या निम्म्या लोकांनी, म्हणजे सव्वा लाखाच्या आतच, दुसरीकडं मत टाकलं असतं तर ह्या तीन राज्यांची ४४ इलेक्टोरल मतं फिरून कमलाताई बरोबर २७०. साडेपंधरा कोटी लोकांनी मतदान केलं त्यात सव्वा लाख. आपल्या एका विधानसभेला तीन लाखाच्या आसपास मतदार असतात. हे मी ग्रुपवर टाकलं, डॅलसवाल्यानं त्यावर हसायचा इमोजी टाकला आन् न्यू जर्सीवाला ग्रुप सोडून गेला, नंतर परत आला.

चौथा प्रकार सट्ट्याचा, पॉलिमार्केट. ऑक्टोबरात तिथं तात्या जिंकायची शक्यता ६० टक्क्यांच्या वर गेली होती तवा सगळे म्हणाले कुणीतरी पैसा ओतून भाव फुगवलालंय. खरंच एका फ्रेंच माणसानं कोट्यवधी डॉलर लावले होते. पण त्यानं आधी स्वतःचा सर्व्हे करून घेतला होता, आन् त्यात तुम्ही कुणाला देणार असं न विचारता तुमचे शेजारी कुणाला देतील असं विचारलं. ही काय नवी आयडिया नाय ओ, आमच्या औशाला, निलंग्याला कुठलाबी जुना कार्यकर्ता हेच करतो, तुझं राहू दे, तुझ्या भावकीचं काय ते सांग. माणूस स्वतःचं लपवतो, दुसऱ्याचं घडाघडा सांगतो. पैसा लावायला मात्र तिकडं जाऊ नका, आपल्याकडं ते कायद्यात बसत नाय आन् सोयाबीनमध्ये कमी जातोय का. बघायला म्हणून दोन स्टार.

ज्याला कोण जिंकणार हे आधी पाहिजे त्याच्यासाठी ह्यातलं काहीच कामाचं नाय, त्यानं ज्योतिषाकडं जावं. आपली पार्टी किती पुढं हाय ह्या हवेत जो तरंगतोय त्याला जमिनीवर आणायला मात्र एक नंबर. पैसे भरायची गरज नाय, फुकटची सरासरी पुरते. वापरायची कशी तर रोज उघडायचं नाय, आठवड्यातून एकदा बघायचं, दशांशाकडं लक्षच द्यायचं नाय, देशाचा आकडा सोडून सात राज्यांचाच बघायचा, आन् फरक तीनच्या आत असला की बरोबरी समजून झोपायचं. सिल्व्हर बुलेटिनला चार स्टार, पाचवा दिला असता पण जो आकडा नाण्याएवढाच निघाला त्याचेच पैसे मागितले राव.