खापरपणजोबांचे वडील कोण? जुने फेरफार, नमुना चौदा आणि नामावळी काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

बहुतेक घरांत तोंडपाठ वंशावळ पणजोबांपाशी संपते. त्यांच्या मागचं नाव सांगणारं माणूस हयात नसतं आणि कागद कुठे आहेत ते ठाऊक नसतं. देशावरच्या शेतकरी घराण्यांसाठी हे कागद काही महिने सलग वापरल्यावर मत पक्कं झालं ते असं: शोध नावावरून सुरू केला की वाया जातो, जमिनीच्या नंबरावरून सुरू केला की पुढे सरकतो. गावात 'राणू' नावाची चार माणसं एका वेळी असू शकतात; सर्व्हे नंबर मात्र एकच असतो, आणि तो धरून गेलं की माणसं आपोआप वेगळी होतात.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून करावी. त्यावर गट नंबर असतो आणि तिथेच पहिला अडसर येतो. १९४७च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली गावोगाव एकत्रीकरण झालं आणि जुने सर्व्हे नंबर जाऊन गट आले. गटावरून जुन्या सर्व्हे नंबरकडे जायचं तर उपअधीक्षक भूमी अभिलेखांच्या कार्यालयातून एकत्रीकरणाचं पत्रक घ्यावं लागतं. सगळे त्याला '९(३) ९(४)' म्हणतात. खिडकीवर तेवढंच म्हटलं तरी कळतं. एकत्रीकरणाचा जबाबही सोबत मागून घ्यावा, त्यात कुणाची जमीन कुणाकडे गेली ते असतं. हा टप्पा गाळून थेट जुना सातबारा मागितला तर शेजाऱ्याचे पूर्वज हाती लागतात, आणि ते आपलेच वाटून कागद पुढे वाढत राहतो.

जुना सर्व्हे नंबर मिळाला की जुने सातबारे काढावेत. 'आपले अभिलेख' या शासकीय संकेतस्थळावर अनेक तालुक्यांचे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ठेवलेले आहेत. जिल्हा, तालुका, गाव, कागदाचा प्रकार आणि नंबर द्यायचा. नंबर हाताशी नसेल तर पुढे जाता येत नाही, म्हणून वरची पायरी आधी. जुन्या सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात किंवा कंसात लहान आकडे दिसतात. ते फेरफार नंबर. पाहणाऱ्याचं लक्ष नावाकडे जातं आणि आकडा सुटतो. खरा माल त्या आकड्यामागे असतो. स्कॅनमध्ये पानाची कड कापली गेली असेल तर हेच आकडे नाहीसे होतात. अशा वेळी मूळ वही पाहण्यासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा.

फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, ही या सगळ्या कागदांत सर्वांत उपयोगी वही. सातबारा कब्जा कुणाचा ते सांगतो, फेरफार नातं सांगतो. वारसाची नोंद साधारण या धाटणीची असते: 'खातेदार राणू बिन कोंडी मयत. वारस मुलगा बाळा, अज्ञान, अ.पा.क. आई सखू भ्र. राणू.' एवढ्याशा ओळीत तीन पिढ्या आहेत. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, म्हणून राणूचा बाप कोंडी. 'भ्र.' म्हणजे भ्रतार, म्हणून सखू राणूची बायको. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून नोंदीच्या वेळी बाळा सज्ञान नव्हता आणि त्याच्या जन्मसालाला खालची मर्यादा मिळाली. मराठवाड्याच्या कागदांत 'बिन'च्या जागी 'वलद' येतं, आणि बायकोसाठी 'कोम' किंवा 'जौजे'. 'ए.कु.मॅ.' दिसलं तर थांबावं. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लागलेलं असतं आणि धाकटे त्या कागदावर असतच नाहीत. आपले पूर्वज धाकटे असतील तर ते वाटपाच्या फेरफारात पहिल्यांदा दिसतात, कधी पंधरा-वीस वर्षांनी.

आणखी एक गोष्ट मनात ठेवावी. वारस नोंद वेळेवर झालीच असेल असं नाही. आजा मेल्यावर वीस वर्षं खातं त्याच्याच नावावर चाललेलं असतं, मधल्या काळात मुलगाही गेलेला असतो, आणि शेवटी नोंद नातवाची होते. लिहिणाऱ्याने 'नातू' लिहिलं तर बरं, 'वारस' एवढंच लिहिलं तर वंशावळीतली एक पिढी गडप. खातेदाराच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी झालेली नोंद म्हणूनच संशयाने वाचावी आणि मधला माणूस नमुना १४मध्ये, म्हणजे जन्ममृत्यूच्या वहीत, शोधावा. १९१९-२०च्या सुमाराच्या नोंदी खास बघाव्यात. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत तरणी माणसं मोठ्या संख्येने गेली, आणि बाप मयत, मूल अज्ञान, आई पालनकर्ती अशा ओळी तिथे सापडतात. मुलाने बाप पाहिलेलाच नसल्यामुळे अशा घरांत मागचं काहीच पुढे आलेलं नसतं. ज्या घराण्याला 'आमच्या पणज्याचा बाप कोण ते माहीत नाही' असं सांगावं लागतं, त्याचं उत्तर पुष्कळदा याच दोन वर्षांच्या वहीत असतं.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३चा, त्यामुळे फेरफार त्यामागे जात नाहीत. त्या आधीसाठी मोजणीचे कागद. इंदापूर तालुक्यात १८३६ साली सुरू झालेली सर्व्हे पद्धत पुढे इलाखाभर गेली आणि शेतसाऱ्याची आकारणी तीस वर्षांसाठी ठरवली जाऊ लागली. इंदापूरची फेरआकारणी १८६७ची. म्हणजे एकाच शेताचे दोन खातेदार, मध्ये सुमारे एका पिढीचं अंतर. पहिल्या पत्रकात 'कोंडी बिन येसू' आणि दुसऱ्यात 'राणू बिन कोंडी' असेल तर साखळी जुळली. दोन्हींत वेगळंच घराणं असेल तर जमीन मध्ये विकली गेली किंवा गहाणात बुडाली, आणि तिथून मागे हा नंबर आपल्या कामाचा नाही. फेरमोजणीतही नंबर बदललेले असतात. जुना-नवा नंबर जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नये. काही ठिकाणी सर्व्हे नंबरवार खातेदार दाखवणारं कडईपत्रक मिळतं, ते मिळालं तर जरूर घ्यावं.

नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची वही, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, ती तहसीलला असते. १९६९च्या कायद्यानंतर हे काम ग्रामपंचायतींकडे गेलं, त्याआधीचं सगळं इथे. या वहीबद्दल अपेक्षा माफक ठेवाव्यात. जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव बहुधा नसतं, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली असते. 'मुलगा' किंवा 'मुलगी', बापाचं नाव, जात, तारीख, एवढंच. त्यामुळे मुलाचं नाव धरून इथे काही सापडत नाही. बापाच्या नावाने पाच-सहा वर्षांचा पट्टा काढायचा, त्या बापाची सगळी मुलं तारखेनुसार मांडायची आणि मृत्यूच्या पानावर गेलेली वजा करायची. उरतील ती घरच्या आठवणीतल्या भावंडांच्या क्रमाशी ताडायची. वेळ लागतो, पण एकाच नावाचे दोन चुलतभाऊ यातूनच वेगळे होतात.

सगळ्यात जास्त निसटतं ते पहिलं मूल. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, म्हणून नोंद आईच्या गावच्या वहीत. बापाच्या गावी कितीही पानं उलटली तरी ती मिळणार नाही. फेरफारातून आजी-पणजीचं माहेर कळलं नसेल तर भावकीतल्या वयस्कर बायकांना विचारावं. मामाचं गाव पुरुषांपेक्षा त्यांना जास्त लक्षात असतं. माहेरच्या वहीत बापाच्या नावाशेजारी त्याचं गाव लिहिलेलं असेल तर तेही टिपावं, कारण कधी कधी घराण्याचं मूळ गाव पहिल्यांदा तिथेच दिसतं.

मराठा-कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्या. शिंदे समितीच्या कामानंतर अनेक जिल्ह्यांनी नमुना १४, शाळांची रजिस्टरं आणि इतर जुने कागद स्कॅन करून जिल्हा संकेतस्थळांवर गावनिहाय ठेवले. प्रमाणपत्राशी काही देणंघेणं नसलं तरी वंशशोधासाठी हा मोठा ठेवा आहे. मात्र तिथे नेमकी 'कुणबी' असलेली पानंच निवडलेली असू शकतात. पीडीएफमध्ये पूर्वज नाहीत म्हणजे वहीत नाहीत असं होत नाही. जुन्या पानांवर जात पहिल्याच नावापुढे लिहून खाली 'कित्ता', म्हणजे वरीलप्रमाणे, टाकलेलं असतं, तेव्हा सुटं पान वाचताना आधीचं पानही बघावं.

मोडी स्वतः शिकावी का, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. माझं मत: नावं आणि आकडे वाचण्यापुरती जरूर शिकावी. आधी ओळभर शिरोरेघ ओढून त्याखाली हात न उचलता लिहिलेलं असतं, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं आणि अनुस्वार बऱ्याचदा गाळलेला असतो. पण वहीचा साचा ठरलेला असल्याने 'बिन', 'मयत', 'मौजे', 'कित्ता' हे शब्द डोळ्यांत बसले की पान उलगडायला लागतं. नेमक्या ओळीचं लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्यावं आणि ते देताना आपल्याला हवं असलेलं नाव आधी सांगू नये. सांगितलं की अक्षर तसंच दिसायला लागतं, वाचणारा कितीही प्रामाणिक असो.

सनांचा हिशेब कागदाच्या कडेला लिहून ठेवावा. शकात ७८ मिळवले की इसवी सन, जानेवारी ते मार्चमधली तारीख असेल तर ७९. फसली, म्हणजे महसुली सनात ५९० किंवा ५९१, जुन्या मराठी कागदांतल्या सुहूर सनात ५९९ किंवा ६००. इकडचं फसली वर्ष मृगापासून सुरू होतं, निजामाच्या राज्यातलं ऑक्टोबरपासून. मराठवाड्याच्या नोंदीत या एका फरकामुळे मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसू शकतं.

जमीन नसलेल्या घरांसाठी हा रस्ता बंद आहे असं समजू नये. वतनाचे कागद बघावेत. महार, रामोशी आणि इतर कनिष्ठ गावकामगार वतनं १ ऑगस्ट १९५९ पासून खालसा झाली, पण त्याआधीच्या वतन रजिस्टरांत तक्षीमदारांची, म्हणजे वतनातल्या वाटेकऱ्यांची, नावं बापाच्या नावासकट आहेत, आणि रीग्रँटच्या, म्हणजे वतनाची जमीन धारकांना पुन्हा दिल्याच्या, फेरफारांत वारसांची यादी लांबलचक येते. पाटील-कुलकर्णी, देशमुख-देशपांडे आणि इनामदार घराण्यांचं नशीब अधिक चांगलं. इंग्रजी अमलात इनामांची चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनसमोर हक्क शाबीत करायला वंशावळी द्याव्या लागत, आणि ते दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. या वंशावळी दाव्यासाठी लिहिलेल्या आहेत हे मात्र विसरू नये. दावेदार शाखा तपशिलात असते, भांडणातली दुसरी शाखा आखडती.

नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या नामावळ्या, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांची नावं लिहिलेल्या वह्या, हा वेगळाच आनंद आहे. जाताना आडनाव, जात, मूळ गाव आणि ठाऊक असलेल्या दोन पिढ्यांची नावं न्यावीत. उपाध्ये गाव आणि आडनावावरून ठरलेले असतात, त्यामुळे आधी 'आमच्या गावाची वही कुणाकडे' हे विचारावं. मूळ गाव चुकलं तर वही चुकली. स्थलांतर झालेलं असेल तर आधीचं गाव सांगावं. नोंद लिहिणारा स्वतः यात्रेला आलेला असतो, म्हणून त्याचा बाप, आजा, भाऊ, मुलं ही नावं घरच्याच तोंडची असतात. खाली सही किंवा निशाणीही असू शकते. हे बळ मोठं आहे. कमकुवत बाजू अशी की आज्याच्या मागची नावं ऐकीव असतात, आणि मागच्या यात्रेकरूची नोंद नव्या वहीत उतरवताना क्रम उलटा पडू शकतो. उतरवलेलं पान समोर आलं तर मूळ पान आहे का ते विनम्रपणे विचारावं, दक्षिणा द्यावी आणि फोटो परवानगीनेच काढावा.

परदेशातून शोध घेणाऱ्यांना फॅमिलीसर्च विनामूल्य आहे आणि त्यावर हिंदू तीर्थक्षेत्रांच्या वह्यांचं मोठं संकलन आहे, पण भर हरिद्वारसारख्या उत्तरेकडच्या क्षेत्रांवर. देशावरच्या घरांना त्याचा उपयोग थोडा.

एवढं करूनही बाप सापडत नसेल, किंवा दोन कागदांत दोन बाप सापडत असतील, तर दत्तकाचा विचार करावा. फेरफारात राणू 'बिन कोंडी' आणि नामावळीत 'बिन सुभाना' असेल तर दोन्ही खरं असू शकतं. दत्तकपत्र नोंदलेलं असेल तर ते दुय्यम निबंधकाच्या पुस्तक ४ मध्ये असतं, आणि त्याची सूचीही चौथी. लोक सवयीने सूची २ शोधतात, ती मिळकतीची असते. पुस्तक ४ ची नक्कल कुणालाही मिळत नाही, दस्त करणारा किंवा त्याखाली हक्क सांगणारा, अथवा त्यांचा प्रतिनिधी असावा लागतो, म्हणून अर्जासोबत वारस असल्याचा पुरावा जोडावा. विधवेला दत्तक घ्यायचा अधिकार नवऱ्याने लेखी दिला असेल तर तो दस्त मृत्युपत्रांबरोबर पुस्तक ३ मध्ये असतो, आणि करणारा मयत असल्यास त्याची नक्कल अर्ज करणाऱ्या कुणालाही मिळते. दस्त निघाला नाही तर दोन्ही बापांच्या सर्व्हे नंबरचे फेरफार समोरासमोर ठेवावेत. दत्तक गेलेल्या मुलाचं नाव जन्मदात्याच्या वारसांत नसतं आणि भावांची नावं मात्र असतात. ती मोकळी जागा आणि दुसऱ्या घरात त्याच सुमारास उमटलेलं नाव जुळलं, तर वंशावळीवर दोन्ही रेघा काढाव्यात: जन्माची तुटक, दत्तकाची सलग, आणि प्रत्येक रेघेवर तिचा फेरफार नंबर.